गार्डसाहेबांचं अकोल्याचं काम

कोड्याचं बरोबर उत्तर दिलं की गार्डसाहेबांचा चेहरा पडायचा. उत्तर चुकलं तर ते खुलायचे, पुढे सरकून बसायचे, चष्मा कपाळावर चढवायचे. पण कुणी झटकन बरोबर आकडा सांगितला, की त्या माणसाकडे जरा संशयाने बघत आणि एकच शब्द विचारत, "काहून?" आमच्या वऱ्हाडात 'का'साठी असलेला हा शब्द भांडणात जास्त कामी येतो. काहून आला, काहून गेला, काहून बोलून राहिला. गार्डसाहेबांच्या तोंडून मात्र तो इतका मऊ यायचा की विचारणाऱ्याला खरंच ठाऊक नाही असं वाटावं. आपण "अंदाजानं आलं" म्हटलं, की ते खोडरबर पुढे करत. मग बरोबर असलेला आकडा आपल्याच हाताने खोडावा लागे. मला या गोष्टीचा सुरुवातीला फार राग यायचा.

मी तेव्हा अकोल्याला बँकेत होते आणि घर अमरावतीला. सकाळी ऑटोने बडनेरा, तिथून पॅसेंजर, संध्याकाळी तसंच उलटं. रोज एकाच डब्यात बसणारे आम्ही पाच-सहा जण होतो. त्यात अकोल्याला शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान असलेले मुश्ताकभाई होते, दोन शिक्षक होते, आणि खिडकीशी गार्डसाहेब. ते बडनेऱ्याचेच. मालगाडीवर गार्ड म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. गाडी लागायच्या आधीच ते फलाटावर हजर असत, डब्यात शिरताना सगळ्यांना जयभीम घालत, आणि इंजिनाकडे पाठ करून बसत. समोरची जागा रिकामी असली तरी. मी एकदा विचारलं, उलटं बसून चक्कर येत नाही का? ते म्हणाले, "चौतीस वर्षं गेलेलंच गाव पायलं. येनारं पायाची सवय नाही मले."

त्यांच्या अंगातली नोकरी काही गेली नव्हती. कुरूम आलं, मूर्तिजापूर आलं, की ते खिडकीतून दोन्हीकडे नजर टाकत आणि गाडी हलली की उजवा हात मांडीवरून चार बोटं उचलत. त्या हातात झेंडी नव्हती. आम्ही हसायचो. मुश्ताकभाई तर मुद्दाम म्हणायचे, साहेबांनी हात उचलला नाही तर ड्रायव्हर गाडी काढतच नाही. गार्डसाहेब मान डोलवायचे, जणू त्यात हसण्यासारखं काहीच नाही.

निवृत्त माणूस रोज आमच्यासोबत अकोल्याला का येतो, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. "काम हाय अकोल्याले," ते म्हणाले. संध्याकाळी परतीच्या गाडीत ते पुन्हा खिडकीशी, पुन्हा इंजिनाकडे पाठ. मुश्ताकभाई विचारायचे, "झालं का काम, साहेब?" आणि गार्डसाहेब सांगायचे, "थोडं राहिलं. उद्या यावं लागते." हा सवाल-जवाब रोजचा होता. मला वाटे, कोर्टाबिर्टात काही अडकलं असेल, पेन्शनचं असेल. पण मला उत्तर न मिळालेला प्रश्न दाताच्या फटीत अडकलेल्या सुपारीसारखा छळतो. माझा तो स्वभावच आहे आणि त्याचं मला तेव्हा कौतुकही होतं.

आमची खरी गट्टी जमली ती कोड्यामुळे. मी मोबाइलवर एक कोडं सोडवत होते, 'गगनचुंबी इमारती' नावाचं, आणि तासभर त्यात डोकं आपटत होते. गार्डसाहेबांनी वाकून पाहिलं. म्हणाले, हे गगनचुंबी कोनाचं नाव हाय? आपल्याकडं तीन माड्या चढल्या का मानूस सावकार होते. माड्या म्हन. मग त्यांनी पिशवीतून एक जुनी लग्नपत्रिका काढली, तिची कोरी बाजू वर केली, आणि पट्टी-पेन्सिलने चार बाय चारच्या चौकटी आखल्या. त्यांच्याकडे अशा पत्रिकांची चळतच होती. ज्या लग्नांना ते जात नसत त्यांच्याही पत्रिका जपून ठेवायचे. कागद जाड असतो, खोडता येतो, असं त्यांचं म्हणणं.

कोडं असं की प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत चार घरं. एक एकमाडी, एक दोनमाडी, एक तीनमाडी, एक चारमाडी. उंच घराच्या मागे बुटकं घर झाकलं जातं. चौकटीच्या बाहेर, ओळीच्या टोकाला एक आकडा लिहिलेला असतो. तिथे उभं राहिलं तर किती घरं दिसतील, तो आकडा. बस, एवढ्यावरून कुठे कोणतं घर आहे ते ओळखायचं. गार्डसाहेबांच्या लेखी ओळ म्हणजे गाडी होती. एका टोकाला ड्रायव्हर, दुसऱ्या टोकाला गार्ड. "ड्रायव्हरले एकच दिसते म्हनलं, तं त्याच्या नाकासमोर काय असन?" मी म्हटलं, चारमाडी. "काहून?" कारण सगळ्यात उंच घर अगदी पुढे असेल तरच मागचं सगळं झाकलं जाईल. "अन गार्डले चारी दिसतात म्हनलं तं?" तर गार्डापासून एक, दोन, तीन, चार अशी चढती ओळ. इथपर्यंत मी धावत होते. एक आणि चार हे आकडे स्वतःच सगळं सांगून टाकतात.

अडायचं ते दोन आणि तीनवर. ड्रायव्हरला दोन दिसतात, गार्डाला तीन. मी हे मांडून बघ, ते मांडून बघ करायला लागले की ते माझ्या हातातली पेन्सिल काढून घेत. "कुठं हाय ते सोड. कुठं नाही ते पाय." मग ते हळूहळू सांगत. चारमाडी ड्रायव्हरच्या पहिल्या घरात नाही. असती तर त्याला एकच दिसलं असतं. म्हणून त्या घरावर काट. गार्डाच्या बाजूने पहिल्या घरात नाही आणि दुसऱ्यातही नाही. तिथे असती तर तीन घरं मावलीच नसती तिच्यापर्यंत. म्हणून त्या दोन्हींवर काट. चारांतून तीन गेली. उरलं ड्रायव्हरकडून दुसरं. चारमाडी तिथेच उभी. तिला कुणी पाहिलं नव्हतं, आणि तरी ती सापडली होती. मला त्या सकाळी इतका आनंद झाला की बँकेत दिवसभर मी लोकांशी गोड बोलले.

हे त्यांना कुणी शिकवलं, तर कुणीच नाही. मालगाडीच्या शेवटी गार्डाचा तो छोटा डबा. पुढे मालाच्या पन्नासेक वाघिणी, त्यांच्याही पुढे ड्रायव्हर, जो दिवसभर दिसायचा नाही. आडबाजूच्या रुळावर गाडी घातली की चार-चार तास हलायची नाही. "ड्रायव्हरले असिस्टंट असते," ते एकदा म्हणाले, "गार्डले कोन असते? झेंडी असते." कुठल्याशा पेपरात ते कोडं त्यांनी पाहिलं आणि मग स्वतःच चौकटी आखायला लागले. कोडं घालणारेही तेच आणि सोडवणारेही तेच. आपणच घातलेलं कोडं आपण कसं सोडवणार, मी म्हटलं. तर म्हणाले, आठ दिवस ठेवून द्यायचं, विसरून जातो मानूस. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं. एवढं एकटं कुणी असू शकतं, हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही.

घरचं ते फार बोलत नसत. बायको निवृत्तीच्या आधीच गेली होती. मुलगी रायपूरला दिलेली. ती बोलावते म्हणे, कायमचंच या म्हणते, पण इकडचं काम सुटत नाही, एवढं एकदा त्यांच्या तोंडून आलं. पत्रिकेच्या चौकटीतून मान वर न करता ते हे बोलले आणि लगेच मला तिसऱ्या ओळीत काहून अडलीस ते विचारलं.

ऑगस्टातली गोष्ट. आदल्या दिवशी अकोल्यात दिवसभर पावसाची रिपरिप होती. त्या सकाळी गार्डसाहेबांनी एक अवघड पत्रिका दिली होती. एकही एक नाही, एकही चार नाही, काही टोकं कोरीच, बाकी सगळे दोन आणि तीन. मी मूर्तिजापूरच्या आत ती सोडवली, प्रत्येक आकड्याचं काहून सांगून. माझ्यासोबत डोकं लावणारे दोन्ही शिक्षक मागे राहिले होते. मला चढल्यासारखं झालं. मी म्हटलं, "गार्डसाहेब, आता तुमचंच कोडं सोडवते. अकोल्याच्या कामाचं."

मुश्ताकभाईंनी फुटाण्याची पुडी माझ्यापुढे धरली. "मॅडम, पहिले हे खा, गरम हैं." मी पुडी घेतली आणि बोलतच राहिले.

दवाखान्याचं काम नाही, मी म्हटलं. गार्डसाहेबांनी विचारलं, काहून? कारण तुमच्या हातात कधी फाइल नसते, चिठ्ठी नसते, औषधाची पिशवी नसते. काट. कचेरीचं काम नाही. काहून? कारण कचेरी शनिवारी बंद असते, आणि माझी बँक ज्या शनिवारी चालू असते त्या दिवशी तुम्हीही गाडीत असता. काट. बाजाराचं नाही, कारण जाताना जी पिशवी तीच येताना, तेवढीच. नातेवाइकाकडे नाही. काहून? कारण तुम्ही डबा नेता आणि तो धुऊन परत आणता. घरी आलेल्या माणसाला कोणता नातेवाईक त्याच्याच डब्यातलं खाऊ देईल? प्रत्येक वेळी ते त्याच मऊ आवाजात विचारत होते आणि मला वाटत होतं, ते मला हात देत आहेत. आज कळतं की ते मला चुकायची संधी देत होते.

"अन काल तर पक्कंच झालं," मी म्हटलं. "काल आमच्या सगळ्याइच्या चपला चिखलानं भरल्या होत्या. तुमचे बूट कोरडे होते. तुमी स्टेशनाच्या बाहेर गेलेच नाही. तुमाले अकोल्यात कामच नाही."

या वेळी त्यांनी काहून विचारलं नाही. माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे पाहिलं. "बरोबर हाय," ते म्हणाले. त्यांनी माझ्या हातातली पत्रिका घेतली, नीट घडी केली आणि पिशवीत ठेवली. बोरगाव आलं, गाडी थांबली, हलली. त्यांची बोटं मांडीवर तशीच राहिली. अकोल्याला ते सगळ्यात शेवटी उतरले. संध्याकाळच्या गाडीत ते नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हते, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही नव्हते.

चौथ्या दिवशी मी मुश्ताकभाईंना विचारलं, तुमच्याकडे त्यांचा नंबर आहे का. मुश्ताकभाई स्वभावाने फार मवाळ, पण त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. म्हणाले, "मॅडम, ये बात तो सबको मालूम थी. तीन साल से." मी म्हटलं, मग तुम्ही रोज विचारत होता ते? "क्या विचारत होतो? काम झालं का. ते बोलायचे, उद्या येतो. बस, येत होते." शिक्षकांपैकी एकाने सांगितलं, त्याने तर एकदा गाडी चुकली तेव्हा दुपारी त्यांना फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसलेलं पाहिलं होतं. डबा उघडून. तो खांबाआडून दुसऱ्या बाजूने निघून गेला होता. एवढ्या हुशार डब्यात न कळणारी मी एकटीच होते, आणि कळल्यावर गप्प बसायचं असतं हे न कळणारीही मीच.

घर शोधायला मला तीन आठवडे लागले. खरं तर घर एका दिवसात सापडलं असतं, जायचा धीर व्हायला तीन आठवडे लागले. बडनेऱ्यात रुळांच्या पलीकडे दोन खोल्यांचं घर, अंगण तुळतुळीत झाडलेलं. त्यांनी दार उघडलं तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि पायांत बूट. कुठे निघालात का, असं तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं. त्यांनी चहा ठेवला. एक कप बशीसकट निघाला, दुसरा स्टीलचा पेला. दोन कप वापरायची वेळ तिथे कधी येत नसावी. बशीसकटचा कप त्यांनी मला दिला. मी म्हटलं, माझं चुकलं. मी असं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. आणि मला रडू आलं.

मालगाडी जात होती, तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग म्हणाले, "तू चुकली नाही, पोरी. चुकली असती तं मी हासलो असतो, अन दुसऱ्या दिवशी आलो असतो."

मी खूप आर्जवं केली. खिडकीची जागा अजून तुमचीच आहे, मुश्ताकभाई तिथे रुमाल टाकून ठेवतात, हेही सांगितलं, आणि ते खरं होतं. गार्डसाहेब म्हणाले, "आता कोनी विचारलं काम झालं का, तं मी काय सांगू?" डब्यातल्या सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. तेवढी अक्कल तोवर आली होती.

त्यानंतर मी बहुतेक रविवारी दुपारी जात असे. कधी भाजी न्यायची, कधी चिवडा. ते मला कधी टाकून बोलले नाहीत, उलट अमरावतीचा ऑटो मिळेपर्यंत कोपऱ्यावर उभे राहत. पण पुन्हा चौकट आखली नाही. पत्रिकांची चळत कपाटावर रबर लावून ठेवलेली होती. मी एकदा स्वतः एक कोडं आखून नेलं, खूप मेहनतीने. त्यांनी पाहिलं, चांगलं जमलं म्हणाले, आणि मला परत दिलं. एकही आकडा भरला नाही. त्यांचा आवाज हळूहळू आणखी खाली गेला होता. दिवसभरात न वापरलेला आवाज असतो तसा. मी बोलत असले की त्यांना बरं वाटतं असं वाटून मी बँकेतलं काहीबाही सांगत राहायचे, आणि घरी परतताना दर वेळी मला स्वतःची लाज वाटायची. माणसाचं एकुलतं एक ठिकाण काढून घ्यायचं आणि त्याच्या बदली आठवड्याला दोन तास आणि पावभर चिवडा द्यायचा, असा तो व्यवहार होता.

एप्रिलमध्ये शेजाऱ्यांचा फोन आला. सकाळी बाहेर आले नाहीत म्हणून त्यांनी दार ढकललं होतं. झोपेतच गेले. बुधवार होता. त्याच्या आधीच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही डब्यातले सगळे गेलो. वंदना झाली, लोक पांगायला लागले. त्यांची मुलगी पांढऱ्या साडीत दाराशी उभी होती. तिला मी पहिल्यांदाच पाहत होते. तोंडवळा बापाचा, बोलण्यातली वऱ्हाडी मात्र रायपूरला राहून पुसली गेलेली. मुश्ताकभाईंनी माझी ओळख करून दिली, या आपल्या बँकेतल्या मॅडम, रोज साहेबांसोबत असायच्या. तिने माझा हात धरला आणि मला बाजूला नेलं.

"ताई, मला एक सांगा," ती म्हणाली. "बाबांचं अकोल्यात काय काम होतं? मी किती वर्षांपासून म्हणते, इकडे या, सोबत राहा. दर वेळी एकच, अकोल्याचं काम झालं का येतो. आता शेवटच्या रविवारी रात्रीही फोनवर तेच. उद्या जाणं हाय अकोल्याले, आताच नाही येता येत."

आठ महिने तो माणूस बडनेऱ्याच्या पुढे गेला नव्हता. इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून घरात बसत होता, आणि लेकीला सांगत होता की काम आहे.

"शिकवायचे," मी म्हटलं. "आमाले सगळ्याइले गणितातलं शिकवायचे. त्याइच्यावाचून आमचं कोनाचंच भागत नव्हतं. आमीच सोडत नव्हतो त्याइले."

"सोमवारी पण गेले होते?"

मुश्ताकभाई जवळच उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

"हो," मी म्हटलं. "खिडकीजवळ बसले होते. संध्याकाळी आमच्यासंगच वापस आले."

तिने हात सोडला आणि पदराने तोंड पुसलं. "बरं झालं मी विचारलं," ती म्हणाली. "मला इतके दिवस वाटत होतं, मीच नीट बोलावलं नाही म्हणून येत नाहीत."